पाऊणकी

मंडईत मला नावाने ओळखणारे फार थोडे आहेत. ‘भरतीवाल्या चाचांचा भाचा’ म्हणून ओळखणारे मात्र अजून दोन-चार निघतील. पुणे हे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावरचे शहर. मुळा-मुठेला पूर आला तरच इथले पाणी चढते. अशा शहराच्या भाजीबाजारात एक म्हातारा रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा सांगत असे, हे आज कुणाला खरे वाटायचे नाही. तो म्हातारा म्हणजे माझे मामू.

आमचे घर गंज पेठेत. मंडई पायी पंधरा मिनिटांवर. महात्मा फुल्यांचा वाडा आमच्याच पेठेत आहे. ही मंडई 1886 साली रे मार्केट या नावाने उभी राहिली, तेव्हा नगरपालिकेने एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे मत होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. मामूंना ही हकीकत मी सांगितली तेव्हा ते मनोऱ्याकडे पाहत म्हणाले, “इमारत चांगली आहे रे. पण वारा कुठून येतो ते कळत नाही.”

मामूंना वाऱ्याची दिशा कळल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांचे सगळे आयुष्य दाभोळच्या खाडीवर गेले होते.

आमचे आजोळ त्या खाडीच्या काठचे. चिपळूणकडून येणारी वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते. एका अंगाला दाभोळ, समोर अंजनवेल आणि गोपाळगड. गावात निम्मी घरे आमची, निम्मी कोळी-भंडाऱ्यांची. प्रत्येक घरातला एक तरी माणूस बोटीवर, नाहीतर कुवेतला नाहीतर आफ्रिकेत. मामू कुठेच गेले नाहीत. त्यांनी लग्नही केले नाही. घरची चार कलमे आणि थोडी भातशेती बघायची आणि उरलेल्या वेळी गरवायचे, एवढाच त्यांचा दिनक्रम.

‘गरवणे’ हा शब्द पुण्यात समजावून सांगावा लागतो. जाळे टाकणे वेगळे आणि गरी टाकून मासा धरणे वेगळे. जाळे हा धंदा, गरवणे हा शौक. आमच्या अब्बांना हा शौक मुळीच पसंत नव्हता. ते खडकीला कारखान्यात नोकरीला होते, घड्याळावर चालणारे. “तुझे मामू रिकामटेकडे,” असे ते अम्मीसमोर म्हणत आणि अम्मी गप्प बसे. पण मे महिना लागला की आम्हा भावंडांना स्वारगेटवरून एस.टी.त बसवून तिकडे पाठवतही तेच.

साठच्या दशकातल्या त्या सुट्ट्या. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा तेव्हा नुकता गावात आला होता. मामू तो लाकडाच्या फळकुटावर गुंडाळत. शेवटी शिशाचा तुकडा, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी, गरीला जिवंत कोळंबी. काठी नाही, रीळ नाही. दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायचा आणि त्या बोटाने पाण्याखालचे ऐकायचे. “कान बोटात ठेव,” असे ते म्हणत. बोय हा मासा थव्याने समोरून जाई, पण गरीला तोंड लावत नसे; त्याच्याकडे बघत बसणाऱ्याला मामू हसत. शिंगाळा घाईने गिळतो, पण त्याचा काटा हाताला लागला तर रात्रभर ठणका. तांबोशी आमिष घेऊन सरळ खडकात धावते, तिला क्षणाचीही सवड द्यायची नाही. गोबरा बिळात शिरून अंग फुगवतो. त्याला ओढू नये, दोरा सैल सोडून गप्प बसावे, मासा स्वतःच बाहेर येतो. आणि जिताडा, ज्याला मालवण-गोव्याकडे चोणक म्हणतात, तो सगळ्यांचा राजा. तो आमिष चावत नाही, तोंड उघडून आत ओढून घेतो. गरी लागली की पाण्याबाहेर उडी घेतो आणि डोके झटकतो. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. दोरा त्या क्षणी ताठ असेल तर कापला गेलाच म्हणून समजा.

उन्हाळ्यातले गरवणे सोपे नाही. एप्रिल-मेमध्ये काठचे उथळ पाणी पेजेसारखे कोमट होते. सकाळी दहा-अकरापर्यंत समुद्र तेल ओतल्यासारखा शांत, मग वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत पाणी चावरे होते. दुपारी मासा खोल जातो. त्या वेळी खडकावर बसणारा फक्त ऊन खातो. अंधाऱ्या रात्री पाणी पेटते, म्हणजे हलले की निळे-हिरवे चमकते. दोरा पाण्यात रेघ ओढल्यासारखा दिसतो आणि शहाणा मासा दूर राहतो. मेच्या अखेरीला नैर्ऋत्येची लांब लाट यायला लागली की खडकावर पाठ करून उभे राहायचे नाही. मग 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी, मासळीच्या विणीसाठी. म्हणजे उन्हाळ्यात उरतात त्या दोनच वेळा, पहाट आणि मगरिबच्या आगेमागे. त्यातही पाणी वाहते हवे. साचल्या पाण्यात मासा तोंड उघडत नाही. चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास जर दिवेलागणीला आले, तर तो दिवस सोडायचा नाही.

आता ती भरती कधी येणार हे कसे कळायचे? इथे मामूंची पाऊणकी येते. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे सगळे पाठ करून घेत. माझ्या पिढीपर्यंत ते कसेबसे पोहोचले. मामू म्हणत, मास्तरांनी पाऊणकी वाण्याच्या हिशेबासाठी शिकवली, पण अल्लाने ती पाण्यासाठी केली आहे. चंद्राच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागे पाणीही तेवढेच उशिरा येते. शास्त्र एवढेच. आमच्या घरी चांदाची तारीख चालते आणि चांद दिसतो बीजेच्या सुमारास, म्हणून त्या तारखेत एक-दोन मिळवले की तिथी. मामूंना त्यासाठी कालनिर्णय लागत नसे. मगरिबनंतर अंगणात येऊन ते एकदा वर बघत आणि दुसऱ्या दिवसाचे पाणी सांगत.

हे सगळे मी शिकलो आणि विसरलो. पुण्यात नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली. आजोळ हळूहळू नुसते पत्र लिहिण्यापुरते उरले, मग फोनपुरते.

आता जे सांगायचे ते सांगणे अवघड आहे, पण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

आजोळच्या घरात मामू राहत होते, पण घर त्यांच्या एकट्याचे नव्हते. नानांच्या मागे शरियतप्रमाणे सगळ्यांचे हिस्से होते. कुवेतमधल्या मामेभावांचे, केपटाऊनला गेलेल्या एका शाखेचे, आणि अम्मीच्या मागे आमचेही. 2012 साली खाडीकाठच्या जमिनीला चांगला भाव आला. हॉटेल बांधायला म्हणून घर विकायचे ठरले. सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझीही झाली. मुलीचे लग्न तोंडावर होते, पैसे हवे होते, हे खरे. पण मामूंना आधी विचारावे, हे मला सुचले नाही, हेही खरे. कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा बाकीच्या सगळ्या सह्या होऊन गेल्या होत्या. त्यांनी चष्मा शोधला, सही केली आणि विचारले, “कलमं पण गेली काय?”

मी त्यांना पुण्याला घेऊन आलो. पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, हातात एक पत्र्याची पेटी. पेटीत कपडे कमी आणि गऱ्या, शिसे, तंगूस जास्त.

पुण्यात ते पहाटे फजर पढून मंडईत जाऊ लागले. भाजी आणायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. एका भाजीवाल्या मावशींशी त्यांची ओळख झाली ती एकादशीवरून. मावशींचा उपास उद्या की परवा, असा घोळ चालला होता. मामूंनी उभ्या उभ्या तिथी सांगितली. “चाचा, तुम्हाला आमच्या तिथी कशा ठाऊक?” मामू म्हणाले, “मावशी, मला तुमचा उपास नाही ठाऊक, मला पाणी ठाऊक आहे. उद्या एकादशी, सव्वाआठला भरती.” तेव्हापासून मावशी रोज विचारायच्या, “चाचा, आज पाणी किती वाजता?” आणि मामू मेथीची जुडी निवडता निवडता सांगायचे. शेजारचे गाळेवाले ऐकत, हसत. ‘भरतीवाले चाचा’ हे नाव असे पडले. कुणी तरी एकदा त्यांना म्हणाले, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता. हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी कुणाला चुकला आहे? मामूंना त्यातला टोमणा कळलाच नाही. ते म्हणाले, “मग खाडीवर काय अरबीत बोलणार?”

मंडईतून ते गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जात. विकत क्वचितच घेत. वर्तमानपत्रात दर आठवड्याला बाजारभाव येतात, त्यात खोल समुद्रातली मासळी, खाडीची मासळी, नदीची मासळी, आंध्रची रोहू-कटला असे वर्ग असतात. मामू ‘खाडीची’ एवढाच रकाना वाचत. बाजारात बर्फावर पडलेल्या माशाचा डोळा आणि कल्ला बघून तो कुठल्या पाण्यातला आणि किती दिवसांचा हे सांगत. एकदा मोठा जिताडा पाहून ते बराच वेळ उभे राहिले. मी वाचले होते ते त्यांना सांगितले, की जिताडा जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. मामूंचा चेहरा उतरला. तरुणपणी त्यांनी काढलेल्या मोठ्या जिताड्यांच्या गोष्टी गावभर सांगितल्या जात. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोटात गाबोळी मिळायची. तेव्हाच कळायला हवं होतं.”

2016 च्या एप्रिलमध्ये त्यांनी पहिल्यांदा काही मागितले. “एकदा गरवून येऊ या.” मी उन्हाचे कारण सांगितले, डॉक्टरांचे सांगितले. त्यांनी हिशेब पुढे केला. 21 मेला बुद्धपौर्णिमा. 17 ला एकादशी. सव्वाआठला भरती, सातच्या सुमारास सूर्यास्त. अशी संध्याकाळ सोडायची नसते.

मी बोहरी आळीतून नवे तंगूस आणले, आणि हौसेने एक काठी आणि रीळही. शाबानचा महिना होता, रमजान अजून पुढे होता. आम्ही एका नातेवाइकाकडे उतरलो. 17 तारखेला दुपारी चारला खडकावर जाऊन बसलो. तो खडक आमच्या घराच्या खालचा. वर घर नव्हते. जोते फोडून सिमेंटचे खांब उभे केले होते, आणि काम कशाने तरी थांबले होते. कलमांपैकी एक उभे होते.

मामूंनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “पाणी गरम आहे.” मी म्हणालो, मेमध्ये असणारच. ते म्हणाले, “मेचं गरम मला ठाऊक आहे. हे तसं नाही.”

तेव्हा मी ते म्हातारपणावर घातले. पुढे आमच्या पुण्यातल्याच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या संशोधनाबद्दल वाचले. 1950 ते 2020 या काळात हिंदी महासागर शतकाला 1.2 अंश सेल्सिअस या वेगाने तापत आला आहे, आणि समुद्रातल्या उष्णतेच्या लाटांचे वर्षाला वीसेक असणारे दिवस हे शतक संपेपर्यंत दोनशेवीस-अडीचशेवर जाण्याची शक्यता आहे. 2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि शेजारच्या दापोली-मंडणगडकडच्या बागाही झोपवून गेले. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आले. मामूंच्या एका हाताला जे कळले होते ते मला छापून आल्यावर कळले.

त्या संध्याकाळी सहापर्यंत दोन शिंगाळे मिळाले, तेही लहान. मामूंनी काटा सांभाळून परत सोडले. लहानपणापासून त्यांचा नियम होता, खायला हवे तेवढेच. जादा निघाले तर आधी गावातल्या एकट्या बाईच्या घरी, मग आपल्या. आता शहरातून महागड्या काठ्या घेऊन तरुण येतात, मासा धरतात, फोटो काढतात आणि सोडतात. हा साहेबी खेळ इथे नवा नाही. मंगळूरच्या बाजूला नोकरीस असलेल्या एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने 1873 सालीच ‘द रॉड इन इंडिया’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. मामूंना नुसत्या खेळासाठी जिवाच्या तोंडात गरी घालणे पटत नसे. “इहराममध्ये जमिनीवरची शिकार मना आहे, समुद्राची हलाल आहे. कशासाठी? खाण्यासाठी.” पण लहान मासा सोडणाऱ्या त्या पोरांचे त्यांना कौतुकही होते.

मगरिब खडकावरच पढलो. मामू बसून. पाणी गुडघाभर अंतरावर आले होते. मामूंचा हात थरथरत होता म्हणून दोरा त्यांनी माझ्या हातात दिला. काठी मी केव्हाच बाजूला ठेवली होती. चौदा-पंधरा मिनिटे गेली असतील. बोटावर काही तरी दबले, चावल्यासारखे नाही, ओढून घेतल्यासारखे. मी मामूंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मी हिसका दिला.

दोरा सरसरत गेला. मग समोर, वीस हातांवर, पाणी फुटले आणि मासा सबंध वर आला. उजेड संपत आला होता तरी त्याचे रुपेरी अंग स्पष्ट दिसले. चार-पाच किलोचा तरी असावा. मामू ओरडले, “ढील दे! ढील!” मी दिली नाही. हातात आलेले सुटेल या भीतीने मी दोरा दोन्ही मुठींत आवळून धरला. त्याने डोके झटकले आणि माझ्या हातातले वजन एकदम नाहीसे झाले. दोरा ओढून घेतला तर टोक सुरीने कापल्यासारखे.

मला रडू आले. साठीचा माणूस मी, माशासाठी कोण रडतो? पण ते माशासाठी नव्हते. मी म्हणालो, “मामू, घराचं मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.”

ते लगेच काही बोलले नाहीत. कापलेले टोक त्यांनी बोटांनी चाचपले. मग म्हणाले, “मूसा अलैहिस्सलामांचा मासा कुठे हरवला होता?”

“दोन पाणी मिळतात तिथे. खडकाजवळ.”

“आणि मासा हरवला तिथेच खिज्र भेटले. मासा हरवला नसता तर पुढेच निघून गेले असते.” समोर वाशिष्ठीचे पाणी आणि समुद्राचे पाणी एकमेकांत शिरत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अकरा पाऊण?”

“सव्वाआठ,” मी म्हणालो.

“बघ किती वाजले.” सव्वाआठला अजून पाच मिनिटे होती. पाणी खडकाच्या काळ्या रेघेला लागून थांबले होते. “तुला येतं म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि उठायला हात पुढे केला. माफ केले असे ते म्हणाले नाहीत. पुन्हा घराचा विषयही त्यांनी कधी काढला नाही.

2019 च्या फेब्रुवारीत मामू गेले. मंडईतल्या मावशी दहाव्या दिवशी घरी आल्या, आमच्यात दहावा नसतो हे माहीत असूनही.

आता मंडईला जमिनीखाली मेट्रोचे स्टेशन आहे. 2024 साली सुरू झाले. भाजी मीच आणतो. नात बरोबर असते. तिला मी पाऊणकी शिकवली. तिने लगेच मोबाइल काढून दाभोळची भरती पाहिली आणि म्हणाली, “दादा, तुमचा हिशेब वीस मिनिटं चुकला.” मी म्हणालो, “मामू असते तर म्हणाले असते, वीस मिनिटं आधी जाऊन बसावं.” भरतीचा हिशेब अजून जुळतो. मासा आणि पाण्याची ऊब मात्र त्यात बसत नाही; त्यासाठी पाण्यात हात घालावा लागतो, आणि तो हात दरवर्षी घालावा लागतो, म्हणजे फरक कळतो. तो फरक ओळखणारी माणसे खाडीवरून उठून शहरांत आली आहेत. काही आम्हीच आणली आहेत.

या मेमध्ये नातीला घेऊन जायचे आहे. मावशी आता बसत नाहीत, गाळ्यावर त्यांची सून असते. मेमधल्या एकादशा कुठल्या, ते तिला विचारून ठेवले आहे.